शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट पुन्हा चालू करताना

गावच्या घराच्या पडवीला लागून, वाड्यामागच्या शेडमध्ये किंवा सोसायटीच्या कोपऱ्यातल्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमिअर पद्मिनी महाराष्ट्रात अजून बऱ्याच घरांत सापडते. कुणीतरी हौसेनं नंबर लावून घेतलेली, एका पिढीनं देवदर्शनापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला वापरलेली, आणि मग एका पावसाळ्यात बॅटरी उतरली म्हणून उभी राहिली ती राहिलीच. अशी गाडी पुन्हा चालती करायचं मनात आलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "नवी बॅटरी टाकू, थोडं पेट्रोल ओतू, चार जण धक्का मारू, होईल चालू." हा लेख लिहिलाय तो तुम्हाला त्या वाक्यापाशी थांबवण्यासाठी.

उभ्या गाडीचं खरं नुकसान तिच्यात राहून गेलेल्या चार द्रवांमुळे आणि त्यांना अडवणाऱ्या रबरामुळे होतं. पेट्रोल, इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी आणि ब्रेक ऑइल. हे चारही काढून, त्यांच्या वाटा साफ करून, जुनं रबर बदलल्याशिवाय चावी फिरवली, तर इतकी वर्षं तळाशी पडून राहिलेला गाळ आणि गंज मिनिटभरात कार्बोरेटरच्या बारीक भोकांत म्हणजे जेटमध्ये, बेअरिंगमध्ये, सिलिंडरमध्ये पोचतो. थोडक्यात उठली असती अशा गाडीचं इंजिन मग पूर्ण खोलावं लागतं.

पद्मिनी नवशिक्यासाठी फार चांगली गाडी आहे. मूळची ही इटलीची फियाट ११०० डी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘डिलाइट’ नावानं बनू लागली आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एकच कार्बोरेटर, बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगजवळचा गिअर, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बोनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी जीप असेल तरी कामाचा क्रम हाच ठेवा. पद्मिनीचं डिझेल मॉडेल असेल तर पेट्रोल आणि ठिणगीचा भाग सोडून द्या.

आधी आरसी बुक काढा

हातात पाना घेण्याआधी कपाटातलं आरसी बुक शोधा. त्यावरचा मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. जुन्या नोंदी पुष्कळदा तिथे चढलेल्याच नसतात. मग आरटीओत अर्ज करून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का, हे पेन्सिलनं कागदावर छाप घेऊन आत्ताच तपासा. इंजिन मधे कधीतरी बदललेलं असतं आणि ते नोंदवलेलंच नसतं, असं बऱ्याच गाड्यांत निघतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून आणि गाडी तपासणीला दाखवून नूतनीकरण करायचं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या वाहनांना या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे. उशिराचा दंड दर महिन्याला वेगळा वाढतो. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नव्या पद्धतीची सुरक्षित नंबर प्लेट.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीचा पर्याय आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्हाला घरच्यांना घेऊन रविवारी फेरी मारायची असेल तर साधं नूतनीकरणच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी तपासणीला न्यायची म्हणजे ती आधी चालती हवी, त्यामुळे कागद शेवटी पुरे होतील. तरीही सुरुवातीलाच ते पाहायचे, कारण न सुटणारी गाठ असेल तर ती खर्च करण्याआधी कळलेली बरी. नोंदणी संपलेली गाडी गॅरेजपर्यंत चालवत किंवा दोरीनं ओढत नेऊ नका, टोइंगच्या गाडीवर चढवून न्या.

ताडपत्री काढताना

कोकणात किंवा शेतावरच्या शेडमध्ये असाल तर हात घालण्याआधी काठीनं आपटा, बोनेट दुरूनच उचला, सीटखाली टॉर्च मारा. अशा जागी साप खरोखर निघतो. गांधीलमाश्यांचं पोळं आरशाच्या मागे किंवा डिकीच्या झाकणाखाली असतं. उंदरांनी घरटं केलेलं असेल तर ते एअर क्लीनरमध्ये, डॅशबोर्डच्या मागे किंवा सायलेन्सरच्या तोंडात सापडेल. उंदराची लघवी आणि लेंड्या कोरड्या झाडू नका. मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशकानं ओलं करून मगच पुसा.

नंतर पत्रा पाहा. मॅट उचलून फ्लोअर, दरवाज्याखालची पट्टी, डिकीचा तळ, चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेच्या रबराखालची जागा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. घट्ट आवाज आला तर पत्रा आहे, भुसभुशीत लागला तर वर फक्त रंग उरलाय. जॅक लावायची जागा खाल्लेली असेल तर तिथे जॅक लावूच नका. अ‍ॅक्सल किंवा पुढच्या क्रॉस मेंबरखाली उचला, चाकांना दगड लावा आणि गाडी घोड्यांवर म्हणजे लोखंडी स्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही.

या सगळ्याचे मोबाइलवर भरपूर फोटो काढून ठेवा. प्रत्येक वायर, प्रत्येक नळी, प्रत्येक क्लिप जशी आहे तशी. पुढे खोललेलं जोडताना दुसरं काहीही इतकं कामाला येत नाही.

ब्रेक, इंजिनाच्या आधी

बहुतेक लोक इंजिनापासून सुरुवात करतात. मी ब्रेकपासून करायला सांगतो, आणि त्याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. एकदा इंजिन लागलं की कुणालाच दम धरवत नाही. गाडी "जरा गेटपर्यंत" जाते, आणि तिथे ब्रेकचं पेडल जमिनीला टेकतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षानुवर्षांत ते पाणी नळ्यांत आणि चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये तळाशी बसतं आणि आतून गंज धरतं. पद्मिनीचे ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे "तीन चांगले आहेत, एकच बदलू" चालत नाही.

ड्रम निघत नसेल तर ब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण सैल करा, कडेनं गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा आणि लाकडी हातोडीनं चौफेर हलके ठोके द्या. ड्रम निघाला की आतली धूळ हवेच्या पंपानं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका.

आता व्हील सिलिंडरचं टोकाचं रबरी बूट स्क्रू ड्रायव्हरनं अलगद उचला. आतून काळपट तपकिरी थेंब ओघळला तर आतलं रबर गेलं. पिस्टन बाहेर काढा, सिलिंडरची भिंत ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसा आणि उजेडात धरून नख फिरवा. डाग दिसतो पण नखाला काही लागत नाही, अशी भिंत बारीक एमरीनं साफ करून नव्या रबरांच्या किटवर चालते. नख अडकलं तर तिथे खड्डा आहे. नवं रबर त्या खड्ड्यावर काही महिन्यांत फाटेल, त्यामुळे तो सिलिंडर पुरता बदला. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरलाही हीच परीक्षा. लवचीक रबरी नळ्या बाहेरून कितीही चांगल्या दिसल्या तरी सगळ्या नव्या टाका, कारण त्या आतून सुजतात आणि ब्रेक दाबल्यावर चाक धरून ठेवतात. लोखंडी नळ्या बोटांनी चाचपा. पापुद्रे हाताला लागले तर त्याही बदला.

सुट्या भागांबद्दल एक सांगतो. मुंबईत ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार, पुण्यात नाना पेठ, इथे पद्मिनीचं सामान अजून मिळतं. दुकानदार अभिमानानं कंपनीच्या जुन्या डब्यातला बंद माल दाखवतो. धातूचा भाग असेल तर डोळे मिटून घ्या, तसा माल पुन्हा बनणार नाही. रबर असेल तर घेऊ नका. डब्यातलं रबरही गाडीतल्या रबराइतकंच म्हातारं झालेलं असतं.

जोडताना डॉट ३ किंवा डॉट ४ चं नुकतं उघडलेल्या बाटलीतलं ऑइल वापरा. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये, रबर फुगून बसतं. नळ्यांतली एअर म्हणजे हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, म्हणजे आपल्या गाडीत मागचं डावं चाक. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल करायचं, पेडल वर सोडण्याआधी निपल बंद. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसायचे थांबले की पुढचं चाक. शेवटी पेडल जोरात दाबून काही मिनिटं तसंच धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

पेट्रोलची टाकी

जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. डिकीतल्या टाकीतून ते काढायचं काम उघड्यावर करा. बंद गॅरेजात नको, जवळ विजेचं बटण, विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. टाकीला भोक असेल तर "रिकामीच आहे" म्हणून वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. असे स्फोट होऊन माणसं गेलेली आहेत. ते काम रेडिएटर-टाकीची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराचं.

टाकी खाली उतरवा, आत टॉर्चऐवजी मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा घाला, पण टाकी पाण्यानं धुऊन वाफ गेल्यावरच. गंज वरवरचा असेल तर मूठभर छोटे नट आणि साबणाचं पाणी घालून हलवा, मग सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी भरून ठेवा. लोखंड राखाडी दिसायला लागलं की ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा आणि लगेच वाळवा. ओली टाकी तासाभरात पुन्हा लाल होते. घातलेले नट मोजून घाला आणि मोजून बाहेर काढा.

टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी उलट बाजूनं हवा मारून मोकळी करा. रबरी तुकडे नवे. इंजिनाच्या बाजूचा पंप खोलला की आत एक कापड-रबराचा डायफ्रॅम दिसेल. तो आणि कार्बोरेटरचं पूर्ण किट बदला. आज पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. पद्मिनीचं मूळ रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल ते मऊ करतं, आणि वर्षानुवर्षं टाकीत घट्ट बसलेला गाळही सोडवतं. म्हणून दुकानात इथेनॉलला टिकणारीच नळी आणि डायफ्रॅम मागा, आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवा. पहिल्या काही आठवड्यांत तो फिल्टर तपकिरी होताना दिसेल.

कार्बोरेटर धुताना जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. पितळेचं भोक केसभरानं मोठं झालं तरी गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर आणि हवा पुरते. फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरलं आहे का ऐका.

इंजिन हातानं फिरवा

ऑइल चेंबरचा नट सोडा आणि रात्रभर निथळू द्या. आधी स्वच्छ पाणी पडलं किंवा ऑइल दुधाळ निघालं तर पाणी इंजिनात शिरलंय. हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी, आणि इथून पुढे मिस्त्री लागेल. नुसतंच काळं असेल तर नवं २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० मिनरल ऑइल भरा. महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाला नको, जुन्या पॅकिंगमधून ते वाट काढतं.

चारही प्लग काढा. काढण्याआधी प्लगभोवतीची माती उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेल अर्धं अर्धं मिसळून दोन-तीन चमचे सोडा आणि आठवडाभर विसरून जा. सिलिंडरच्या भिंतीला रिंगा चिकटलेल्या असतात, त्यांना सुटायला वेळ द्यायचा. मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला गोटी पाना लावा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हलका जोर द्या. जरासं हललं की मागे, पुन्हा पुढे. हललं नाही तर पुन्हा तेल सोडा, अजून आठवडा द्या. पान्याला लांब पाइप लावून जोर करायचा मोह होतो, तो टाळा. पाइपाच्या जोरानं इंजिन फिरतं खरं, पण रिंगा तुटून. तीन-चार वेळा तेल देऊनही जाम असेल तर हेड उतरवणं हाच मार्ग. बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत खराब निघाली तर त्या यंत्रकामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी अजूनही उत्तम हात आहेत.

फिरायला लागलं की इंजिनावरचं टॅपेट कव्हर काढून एकजण पाना फिरवा, एकजण पाहा. आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतायत का? एखादा खाली गेला आणि वर आला नाही तर तो अडकलाय. तसाच सेल्फ मारला तर पुश रॉड वाकतो. त्याच्या दांड्यावर तेल सोडा, वरून लाकडानं हलकेच टकटक करा. सगळे मोकळे झाले की पुली दोन-चार पूर्ण फेरे फिरवून सिलिंडरमधलं उरलेलं तेल प्लगच्या भोकांतून बाहेर काढा.

पाण्याचं काम त्यामानानं लवकर उरकतं. रेडिएटर आणि ब्लॉकचे नळ उघडा, दोन्ही दिशांनी पाणी मारा, होज आणि फॅनबेल्ट बदला, थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का पाहा. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे. ते ओव्हरहीटनं वाकतं आणि बोअरवेलच्या क्षारांनी खाल्लं जातं. त्यामुळे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा.

करंट

जुनी बॅटरी तपासत बसू नका, नवी घ्या. पण ती सरळ जोडू नका. उंदरांनी वायर कुरतडलेली असेल तर पहिल्या जोडणीलाच धूर निघतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये इंडिकेटरचा साधा १२ व्होल्टचा बल्ब जोडा, सगळी बटणं बंद ठेवा. बल्ब पूर्ण उजेडानं पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या लायनीत दोष. फ्यूज काढूनही विझला नाही तर सेल्फची, चार्जिंगची आणि चावीची वायर पाहा. बल्ब पेटला नाही तरच वायर सरळ जोडा.

आता डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. आतले सीबी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, वर्षानुवर्षं हवेत राहिले की त्यांच्या तोंडावर पांढरट थर येतो. डोळ्यांना तो दिसेलच असं नाही, पण करंट तिथेच अडतो. पॉइंटच्या मध्ये बारीक एमरी दुमडून दोन-तीनदा ओढा, मग जाड कोरा कागद ओढा. कागदावर करडी रेघ उमटायची थांबली की पॉइंट साफ. कॅमच्या उंचवट्यानं पॉइंट पूर्ण उघडले असताना फिलर गेजनं त्यांच्यातलं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. टोपीच्या आत केसासारखी चीर आहे का पाहा. कंडेन्सर आणि प्लग नवेच टाका. प्लगच्या वायरी गोंधळल्या असतील तर फायरिंगचा क्रम १-३-४-२, आणि एक नंबर रेडिएटरच्या बाजूचा.

पहिला सेल्फ

प्लग अजून बाहेर ठेवा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मधे मिनिटभर विश्रांती. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करायचं, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं. दिवा विझत नसेल तर पुढे जाऊ नका. आधी स्विचची वायर तपासा, मग खरा गेज लावून दाब पाहा.

याच वेळी सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज मिळाला तर चारही सिलिंडर मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. एक फार कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. रिंगा पुष्कळदा थोडं चालल्यावर सुटतात, त्यामुळे कमी आकडा पाहून लगेच इंजिन उतरवायला काढू नका.

प्लग बसवा, कॉइल जोडा. टाकीतून पेट्रोल घेऊ नका. पंपाची नळी ताज्या पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये सोडा. कॅन सायलेन्सरच्या पाइपापासून लांब आणि पडणार नाही असा बांधलेला. गाडी उघड्यावर, चाकांना दगड, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल. एकजण आत, एकजण अग्निशामक घेऊन बाहेर, बोनेट उघडं. चोक ओढा आणि सेल्फ मारा.

इंजिन लागलं की दोन मिनिटं भरपूर पांढरा-निळा धूर येईल, ते तुम्हीच सोडलेलं तेल आहे. रेस करू नका, पण मंदही ठेवू नका, जरा वरच्या वेगावर चालू द्या. पहिल्या मिनिटात ऑइलचा दिवा, दुसऱ्यात गळती, नंतर पाण्याच्या तापमानाचा काटा आणि चार्जिंगचा दिवा पाहा. टॅपेटचा आवाज सुरुवातीला येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. खालून जड ‘ठक ठक’ आला, धूर पांढराच राहिला आणि पाणी कमी होत गेलं, किंवा पेट्रोलचा वास वाढला, तर तत्क्षणी बंद करा. सगळं ठीक असेल तर दहा मिनिटांनी बंद करून पूर्ण गार होऊ द्या, पाणी आणि ऑइल पुन्हा पाहा.

किनारपट्टीच्या दमट हवेत एक दोष हमखास आढळतो, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबूनही गिअर पडत नाही. पेडल दाबून लाकडाच्या तुकड्यानं रात्रभर तसंच अडकवून ठेवा. तरी सुटली नाही तर इंजिन गरम करून बंद करा, समोर मोकळं मैदान ठेवा, टॉप गिअर टाका, क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून सेल्फचा एक छोटा झटका द्या. ब्रेक आधी दुरुस्त करायचं हेही एक कारण.

रस्त्यावर जाण्याआधी

टायरवर नक्षी कितीही खोल असो, त्याचं वय पाहा. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ०७०३ म्हणजे २००३ चा सातवा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. दहा वर्षांवरचे टायर ट्यूबसकट बदला, डिकीतला पाचवाही. पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदला, पुढच्या सस्पेन्शनच्या प्रत्येक निपलमध्ये ताजं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत गन मारा. वायपर, हॉर्न, ब्रेकलाइट, हेडलाइट.

कंपाउंडच्या आत चालण्याच्या वेगानं सुरुवात करा, आणि पहिल्या दहा फुटांत ब्रेक दाबून पाहा. गाडी एका बाजूला ओढली तर त्या चाकांचं अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा. नोंदणी, विमा आणि पीयूसी हातात आल्यावर पहिल्या फेऱ्या घराजवळच मारा, सकाळी रहदारी कमी असताना. पावसाळ्यात नको, घाटात तर मुळीच नको. डिकीत पाणी, फॅनबेल्ट, कंडेन्सर, पॉइंटचा सेट, फ्यूज आणि पाने ठेवा. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमला हाताची मागची बाजू जवळ नेऊन उष्णता पाहा. एखादाच तापलेला असेल तर ते चाक धरतंय.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर इंजिन ऑइल पुन्हा बदला. पहिल्या ऑइलनं आतला सगळा मळ धुऊन घेतलेला असतो, त्यामुळे ते ताजं असूनही काळं निघेल. त्याच दिवशी टॅपेटचं अंतर तपासा, पेट्रोल फिल्टर बदला आणि मागचे दोन्ही ड्रम उघडून व्हील सिलिंडर कोरडे आहेत का पाहा. यापुढे गाडी महिन्याभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर इथेनॉलचं पेट्रोल टाकीत तसंच ठेवू नका, आणि एरवी पंधरा दिवसांतून एकदा तरी ती बाहेर काढून पाण्याचा काटा नेहमीच्या जागेवर येईपर्यंत चालवा.